जास्तीचं पान

हसू नका, पण आवडी नावाच्या गावातल्या त्या वृद्धाश्रमात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे, धर्मादाय संस्थांचे हिशेब गोळा करून देणगीदारांसाठी तपासायचे. या आश्रमात नवा माणूस दाखल व्हायच्या आधीच त्याच्या जेवणाचा खर्च हिशेबात लागलेला असायचा. म्हणून विचारायला गेले.

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे राहणाऱ्या कमलाबाई सकाळीच एक पान जास्त मांडायला सांगतात. संध्याकाळपर्यंत कोणीतरी येतंच."

"आणि आज?" मी चेष्टेनं विचारलं.

"आजही मांडलंय."

कमलाबाई तंजावरकडच्या. व्हरांड्यात बसल्या होत्या, माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबली. माझा दादा उतरला. आत आमची आई होती, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन. मला तर त्यानं सांगितलं होतं, आई मावशीकडे चाललीय.

"दादा, हे काय?"

"थोडेच दिवस गं," तो मान खाली घालून म्हणाला.

मी ऑटोत आईशेजारी जाऊन बसले आणि ड्रायव्हरला माझ्या घरचा पत्ता सांगितला.

मॅनेजरांनी कमलाबाईंना विचारलं, "मग पान उचलू का?"

"कशाला? ते तिचं नव्हतंच," त्या दादाकडे बघत म्हणाल्या. "याचं आहे. ये रे बाळा, बस."

ऑटो वळताना मी मागे बघितलं. दादा पायरीशी चपला काढत होता.