दोन रंगांतले नाना

रोहिदासने टोपी काढली ना, तिथेच मी दचकले. आता तुम्ही म्हणाल, चहावाल्याने टोपी काढली तर काढली, एरंडोलचं ऊन ते, काढेल नाहीतर काय करेल... पण तुम्हाला सांगते, रोहिदास आमच्या दुकानासमोर गाडी लावतो तेव्हापासून मी त्याला बिनटोपीचा पाहिलेला नाही, तहसीलदार चहाला आले तरी तो टोपीला हात लावत नाही, आणि त्या दिवशी सकाळी त्याने टोपी काढली, आमच्या छपरावरच्या बोर्डावरच्या नानांच्या फोटोकडे पाहिलं आणि हात जोडले. मी आतून काचेतून बघत होते. मला वाटलं, असेल, नाना मोठा माणूस, त्यात वाढदिवस, केला असेल नमस्कार. पण वाढदिवसाला कोणी गॅस बंद करतं का? त्याने गॅस बंद केला हो, उकळत्या चहाखालचा!

आणि मी काय केलं होतं? मी फक्त साइज कमी केली होती.

थांबा, पहिल्यापासून सांगते, घाबरले की माझं शेपूट आधी आणि तोंड नंतर येतं. मी मुळात दचकणारी. कुकरची तिसरी शिट्टी होणार हे शिट्ट्या मोजत असतानाही माहीत असतं, तरी तिसरीला दचकते. जळगावला बीएस्सी कॉम्प्युटर केलंय, फर्स्ट क्लास आहे, पण माउस हातात असताना मागून कोणी हाक मारली की जिथे नको तिथे क्लिक होतं. आणि अशा मुलीला नोकरी कुठे मिळावी? चुडामणभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात! चुडामणभाऊंना हळू बोलताच येत नाही, देवाला नवसही ते ओरडून बोलतात. वाढदिवस, निवड, फेरनिवड, दशक्रिया... पंचक्रोशीतला माणूस जन्मो, जिंको की जावो, तो आधी माझ्या स्क्रीनवर येतो.

तर भाऊंनी सुरतेहून एक जुना एलईडी बोर्ड आणला आणि दुकानाच्या छपरावर बसवला, बसस्टँडकडे तोंड करून. त्यावर आजवर नुसती अक्षरं पळायची. चित्राचा पहिला मान कोणाला, तर अभिमन नानांना. नाना म्हणजे सोसायटीचे चेअरमन, त्याआधी सरपंच, त्याआधीही काहीतरी असतीलच, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची एकसष्टी. ऑर्डर दिली पिंटूने. पिंटू नानांचा पुतण्या. नानांना मूलबाळ नाही, पिंटूलाच पोटच्या पोरासारखा वाढवला, शिकवला, शिकला नाही तरी मोटरसायकल घेऊन दिली. त्या संध्याकाळी तो नानांना आणि त्यांच्या पत्नी भिकुबाई अक्कांना घेऊनच दुकानात आला. अक्का स्टुलावर बसल्या. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, त्यांनी पदर सारखा केला तरी दुकान किणकिणायचं. सगळे फोटोवर तुटून पडले होते, आणि अक्का मला एकच विचारून गेल्या, "जेवनी का व माय?" त्या दुकानात मला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगते.

फोटो होता नानांच्या सत्कारातला. गळ्यात हा जाड झेंडूचा हार, वर-खाली शुभेच्छांचा मजकूर आधीच टाकलेला. आणि फाइल होती बीएमपी.

तुम्हाला बीएमपी माहितीये? नसेल तर सुखी आहात. बाकीचे फोटो कसे, घडी घालून येतात, निम्म्या जागेत मावतात. बीएमपी म्हणजे ती मावशी, जी दोन दिवस राहायला येते आणि सगळ्या साड्या घडी न घालता ट्रंकेत घेऊन येते. चित्रातला एकेक ठिपका ती वेगळा लिहिते. भिंत पांढरी असेल तर 'भिंत पांढरी' लिहून मोकळी होणार नाही, पांढरा, पांढरा, पांढरा, पांढरा... असं शेवटच्या ठिपक्यापर्यंत लिहीत बसणार. नाना भरले बावीस एमबी. आणि आमचा बोर्ड? दोनशे केबीच्या वर घास गिळत नाही! मी म्हटलं, भाऊ, जेपीजी करते ना, घडी घालते, सोपं आहे. तर भाऊंनी सुरतवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला आणि तो गोड आवाजात म्हणाला, "ना बेन, ए तो बीएमपी ज लेशे." बोर्डाला बीएमपीच लागते. बिनघडीचीच. आणि तरीही दोनशे केबी. म्हणजे हत्ती आणा, पण कपबशीत आणा.

मग मी लांबी-रुंदी बोर्डाएवढी केली. नाना उभे, बोर्ड आडवा, त्यात वरची पट्टी कापली गेली, आणि त्या पट्टीत काय होतं? 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. भाऊ म्हणाले, राहू दे, ते अक्षरांत पळवू. (चित्र लागलं की अक्षरं पळत नाहीत, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.) एवढं करून उरले दोन एमबीच्या वर. म्हणजे अजून दहापट जास्त. मी पिंटूला म्हटलं, दादा, फोटो अजून लहान करूया का, तर तो असा हादरला जणू मी नानांचं तिकीट कापलं. काही बी कमी करा ताई, म्हणाला, नानांचा चेहरा तेवढा लहान करू नका.

मग कोणाला कमी करायचं? खाली शुभेच्छुकांची रांग होती, मी ती पांढऱ्या रंगाने पुसून टाकली. आयुष्यभराचे मित्र, मेहुणे, संचालक मंडळ, सगळे पुसले. साइज बघितली. तेवढीच! एक केबी हलला नाही. तेव्हा मला कळलं, बीएमपीला माणसाशी काही घेणंदेणंच नसतं हो. पाटीवर संचालक मंडळ असो की कोरी भिंत, वजन सारखंच भरतं. तर माणसं पुसली गेली ती गेलीच, आणि चित्रात काय उरलं, तर 'आदरणीय अभिमन नाना' आणि खाली बारीक अक्षरात 'समस्त परिवार व मित्रमंडळ'.

तोवर नाना, अक्का आणि पिंटू निघून गेले होते. शेवटी एकच गोष्ट कमी करण्यासारखी राहिली. रंग. मूळ फोटोत रंग लाखोंनी असतात, ते मी दोनशे छप्पन्नवर आणले, तर नानांच्या गालावर गिरणेच्या कोरड्या पात्रासारखे चट्टे पडले. तरी सातशे केबीच्या वर. सोळा रंगांवर आणले, तर डावा गाल हिरवा झाला आणि उजवा भगवा. चुडामणभाऊंनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, अगं, निवडणूक तोंडावर आहे, हे अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे दिसतायत, आहेत ते तसेच, पण बोर्डावर कशाला?

मग उरले दोन रंग. काळा आणि पांढरा. कॉम्प्युटरने बिचाऱ्याने विचारलं, रंग जातील, पुढे जाऊ का? तुम्हाला सांगते, मी विचार करत होते. खरंच करत होते. तेवढ्यात मागून भाऊ ओरडले, "हेमांगी, झालं का!" आणि मी दचकले, आणि झालं. क्लिक. अठ्ठ्याण्णव केबी. माझं एवढं कौतुक झालं म्हणून सांगू, भाऊंनी स्वतः चहा मागवला.

आता तुम्हीच सांगा. सकाळी बसस्टँडवर उतरलेल्या माणसाला काय दिसलं? काळेपांढरे नाना. गळ्यात हार. 'आदरणीय'. आणि खाली 'समस्त परिवार'. मी फक्त साइज कमी केली होती हो, पण आपल्याकडे माणसाचा रंग फोटोतून कधी जातो, हे मला बीएस्सीत कोणी शिकवलं नाही!

मी धावत रोहिदासकडे गेले. त्याने टोपी छातीशी धरली होती. देवमाणूस होता, म्हणाला. मी म्हणणार की अहो होता नाही, आहे... तोवर त्याने टोपी घातली, गॅस पेटवला आणि विचारलं, "मंग आते चेअरमन कोन?" एका उकळीएवढेही नाना त्याला पुरले नाहीत.

आणि एवढ्यात समोरच्या काळीपिवळीतून असा हेल आला की मी रोहिदासची बरणी पाडली. वच्छलाबाई! वच्छलाबाई नानांच्याच गावची. कोणाच्या घरी काही झालं की सख्ख्या मुलीआधी ही पोचते, बाईला पोटाशी धरते, रडते, रडवते, आणि रडता रडता मनगट कधी धरते आणि बांगड्या कधी फुटतात हे त्या बाईलाही कळत नाही. हात बसलाय तिचा. ती बोर्डाकडे बघत "भिकी वं, भिकी..." करत होती, आणि काळीपिवळी निघाली गावाकडे. माझ्या डोळ्यांसमोर अक्कांचे ते हात आले. जेवनी का व माय. जिवंत नवऱ्याच्या नावाने त्या बांगड्या फुटणार, कशामुळे? अठ्ठ्याण्णव केबीमुळे!

मी आत पळाले, म्हटलं, भाऊ, बोर्ड बंद करा. भाऊ फोनवर होते. दोन्ही फोनवर. एकीकडून सोसायटीला श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा होता, दुसरीकडून नानांच्या विरोधी पॅनलला त्याहून मोठा. मी रडकुंडीला येऊन सांगितलं, नाना जिवंत आहेत. ते म्हणाले, असतील, पण हळू बोल. चुडामणभाऊ मला म्हणाले, हळू बोल! मग समजावलं. म्हणाले, "आता बंद केला तर लोक म्हणतील दुकानाची चूक. चालू राहिला तर म्हणतील दुकान दुःखात सहभागी." आणि बोर्डाची किल्ली खिशात टाकली.

मग मी फोन लावायला घेतला. नानांचा फोन बंद. अक्कांचा लावला, तर ती बाई, गोड बोलणारी, 'आपण ज्या व्यक्तीस संपर्क करीत आहात ती दुसऱ्या कॉलवर आहे'. पुन्हा लावला, दुसऱ्या कॉलवर. पुन्हा, दुसऱ्या कॉलवर. म्हणजे बातमी पोचली. म्हणजे लोक सांत्वन करतायत. काळीपिवळी फाट्यावर पोचली असेल, वच्छलाबाई उतरली असेल, पदर खोचला असेल... आणि तुम्हाला सांगते, लावून लावून एका क्षणी मलाच शंका आली. नानांचा फोन का बंद आहे? वाढदिवसाच्या दिवशी कोणी फोन बंद ठेवतं का? बोर्ड कसला अपशकुनी, खरंच गेले नसतील ना? मी फक्त साइज कमी केली होती, देवा, माणूस नाही रे...

तेवढ्यात पिंटू आला, रात्री एरंडोललाच मित्राकडे राहिलेला. पांढराशुभ्र शर्ट, इस्त्रीचा. मला वाटलं, सुटले, घरचा माणूस आला. तो बोर्डाकडे बघत बघत आत आला आणि मला म्हणाला, ताई, तुम्हाला आमच्या आधी कसं कळलं? मी म्हटलं, दादा, तसं नाही, अहो, नाना बरे असतील...

"बरेच होते हो," पिंटू म्हणाला. "लई बरे होते."

मी म्हटलं, घरी फोन केलात का? करतो ना, म्हणाला, आधी हे होऊ द्या, येणारं-जाणारं बघून राहिलंय. मग खुर्ची ओढून बसला. 'समस्त परिवार' नको, म्हणाला, परिवारात कोण कोण आहे लोकांना काय माहीत. 'शोकाकुल' टाका आणि खाली माझं पूर्ण नाव. मी भाऊंकडे बघितलं, भाऊंनी मान हलवली. एका हाताने मी पिंटूचं नाव टाइप करतेय, दुसऱ्या हाताने फोन कानाला, दुसऱ्या कॉलवर, दुसऱ्या कॉलवर, आणि पिंटू स्क्रीनवर बोट ठेवून म्हणतोय, थोडं मोठं ताई, अजून थोडं, लांबून दिसलं पाहिजे, उद्या लोक म्हणतील पुतण्या होता का नव्हता...

आणि फोन लागला.

आधी कानावर काय आलं सांगू? बांगड्या. किणकिणत होत्या. सगळ्या. मागे कोणीतरी फुर्रकन चहा ओढत होतं, आणि तो घसा वच्छलाबाईचा होता. मी "अक्का..." म्हणून रडायलाच लागले, तर पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"अक्का रांधी ऱ्हायनी. मी बोली ऱ्हायनू."

नाना! मी एका दमात सगळं ओकले, बीएमपी, सुरतवाला, दोनशे केबी, दोन रंग, नाना चुकलं माझं, मी फक्त साइज कमी केली, आत्ता भाऊंच्या पाया पडते आणि बोर्ड बंद करवते. नाना ऐकत होते. रागावले नाहीत. सकायपासून बठ्ठासना फोन उनात, म्हणाले, बठ्ठा रडनात, स्पीकर लाईसन ऐकी ऱ्हायनू. म्हणजे स्वतःचा फोन बंद ठेवून नाना सकाळपासून अक्कांच्या फोनवर सगळ्यांचं रडणं ऐकत बसले होते!

"बोर्ड काढू नको पोरी," नाना म्हणाले. "अजून पिंट्याना फोन येवाना बाकी शे."

समोर पिंटू. त्याने माझ्या दंडाला बोट लावलं आणि ओठांनीच म्हणाला, अजून एक नंबर मोठं.

मी म्हटलं, येईल नाना. येईलच. आणि फोन खांद्यात धरून माउस हातात घेतला. आता बोर्ड तेवढाच, ठिपके तेवढेच, आणि पिंटूचं नाव मोठं करायचं तर जागा कुठून तरी काढावी लागणारच ना? तुम्हाला सांगते, मी दुसरं काही केलं नाही हो. मी फक्त नानांची साइज कमी केली.