बोळातली सावली आणि माझं स्टूल

नाही नाही, उभ्यानंच सांगते... का उभी ते कळेलच, आधी ऐका! तुम्हाला सांगते, आमच्या थोरल्याला मोकळी जमीन दिसली की हात शिवशिवतात, कधी एकदा फरशी घालतो असं होतं त्याला. पुढचं अंगण गेलं गाडीखाली, बाजूची वाट गेली, जिन्याखालचा कोपरा गेला, आणि उरला काय, तर स्वयंपाकघरामागचा बोळ! चार पावलं रुंद, बारा पावलं लांब, एकीकडे आमची भिंत, दुसरीकडे शेजारणीची. अख्ख्या घरात अनवाणी पाय टेकवायला माती उरली ती एवढीच, तर तिच्यावरही डोळा! "आई, तिथं काही उगवत नाही. चिखल आणि डास. फरशी टाकून मोकळं होऊ." मोकळं होऊ म्हणे! मला विचारायच्या आधी गवंड्याला सांगूनसुद्धा आला. गवंडी म्हणाला, "पंधरा दिवसांत आलोच समजा."

मी म्हटलं, गवंडी यायच्या आत बोळ हिरवा केला तर फरशी नाही. कबूल? थोरला हसला. "कबूल. आम्ही दोघांनी करून बघितलंय की!"

काय करून बघितलं, ऐका. यानं आणली हिरवळ, सतरंजीसारखी गुंडाळून. उलगडली, आठ दिवसांत पिवळी, आणि महिन्याभरात टकलावर चार केस राहावेत तशी! सुनेनं आणला चिनी गुलाब. आता तो बिचारा उन्हाचा भुकेला, ऊन डोक्यावर आल्याशिवाय डोळा न उघडणारा, त्याला नेऊन घातला अंधारात! कळ्या मिटून बसला तो तसाच गेला. का गेला? कारण दोघंही दारातून डोकावले, "सावली आहे" म्हणाले आणि परत फिरले. अहो, सावली डोकावून कळते होय? ऊन काय, आंधळ्यालाही कळतं... सावली कळायला बसावं लागतं!

मग मी बसले. घेतलं माझं लाकडी स्टूल, बोळाच्या मधोमध मांडलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली, चार नॅपकिन भिजवले आणि टाकले वाळत. कोणता कधी वाळतो ते बघायचं, बास! तोच भिंतीवरून शेजारणीचं डोकं वर. "काय हो आजी, सुनेनं बाहेर काढलं की काय?" मोठ्यानं! सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं! सून आतून धावत आली, चेहरा एवढासा. "आई, आत या हो, लोक काय म्हणतील! हवं तर टीव्हीचा रिमोट तुमच्याकडेच ठेवा!" मी रिमोट घेतला, पदरात बांधला आणि बसलेच. तीन दिवस! सावली कळायला बसावं लागतं.

आणि काय कळलं सांगू? नळाजवळचा नॅपकिन दिवस मावळला तरी ओला गच्च. छज्ज्याखालचा दुपारच्या आतच कडक, तिथं थेंब पडत नाही आणि वारा मात्र सूं सूं. मधल्या दोघांवर जेवणाच्या वेळी हातभर ऊन, तेही घाईतल्या पाहुण्यासारखं, टेकलं न टेकलं की निघालं! म्हणजे बोळ एक आणि सावल्या तीन. मग तिघींना एकच लुगडं कसं पुरणार?

चौथ्या दिवशी गेले नर्सरीत. नर्सरीवाला कुंडीवर कुंडी दाखवतोय, "आजी, सावलीतलं ना? हे घ्या, ते घ्या, पाट्या लावल्यात, वाचा." आता वाचता येतंय कुणाला? पाटीतलं कळेना, म्हणून मी आपली वाकले आणि मांडणीच्या खाली बघितलं. वर विकायच्या कुंड्या, खाली अंधार, ठिबकतं पाणी, कुणाचं लक्ष नाही... आणि तिथं नुसतं माजलं होतं हो! टिकलीएवढ्या पानांची एक, चिखलाला चिकटून पसरलेली. जांभळ्या पट्ट्यांची एक, पोटावर सरपटत उजेडाकडे निघालेली. आणि पार भिंतीकडेला, कोरड्या ठणठणीत जागेत, लांब पात्यांची एक लेकुरवाळी, दोऱ्यांना पिल्लं लोंबकळवत बसलेली! म्हटलं, "या तिघी दे."

"अहो आजी, ते विकायचं नाही! आपोआप उगवलंय, तण आहे ते!"

"म्हणूनच दे. तुझ्या वरच्यांना तू जगवतोस, या तुझ्या नाकावर टिच्चून जगल्यात."

हसत हसत पिशवी भरून दिली. घरी येऊन माती खुरपली, टिकलीवाली नळाशी, पट्टेवाली मधे, लेकुरवाळी छज्ज्याखाली. तीन दिवस सगळ्या माना टाकून! थोरला रोज दारातून, "आई, सांगू का गवंड्याला लवकर यायला?" मी म्हटलं, सांग की. गवंड्याचे पंधरा दिवस कुठल्या देशात पंधरा असतात? चार महिने लागले त्याला!

चार महिन्यांनी आला टेप घेऊन. दारात उभा राहिला, खाली बघितलं, भिंतीकडे बघितलं. "आजी, जमीन कुठाय?" म्हटलं, शोध बाबा. सापडली तर टाक फरशी! थोरल्याचं तोंड बघण्यासारखं. गवंडी खाली वाकला आणि हळूच म्हणतो, "एकेक फांदी द्या ना, आमच्याही घरामागं सावलीच आहे." मी म्हटलं, आधी तीन दिवस स्टूल टाकून बस, मग ये. सावली कळायला बसावं लागतं!

जिंकले हो, जिंकले. पण या गडबडीत माझं स्टूल राहिलं बोळातच. पट्टेवालीनं त्याचे चारी पाय धरले, वरही चढली, आता उचलायचं तर तिला तोडावं लागेल, आणि माझा हात होत नाही. दुसरं स्टूल? ते थोरल्यानं नेलं, संध्याकाळी चहा घेऊन तिथंच बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "आम्ही फरशी मुद्दामच नाही घातली." खुर्ची सुनेकडे. पायरीवर कोण, तर शेजारीण! सावली कळायला बसावं लागतं, बसावं लागतं म्हणून मीच घसा कोरडा केला ना? घ्या... बसलेत सगळे. मीच तेवढी उभी!