हळू बोल, पिल्लं दचकतात!

...आणि मलाच म्हणतात, "हळू बोल, पिल्लं दचकतात!" माझ्याच घरात! नेरुळच्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये माणसानं बोलायचं तरी कुठे, जिन्यात? तुम्हाला सांगते, आमचे हे म्हणजे रबाळ्याच्या कंपनीत सुपरवायझर, घरात झुरळ दिसलं तरी माझ्यावर खेकसणारा माणूस! त्या दिवशी आमच्या ईश्वरीनं बाजारातून कोंबडीची रंगवलेली चार पिल्लं आणली, गुलाबी, हिरवी... हे गरजले, "आत्ताच्या आत्ता परत!" आता फेरीवाला काय थांबलाय होय? त्यात थंडीचे दिवस, पिल्लं एकमेकांना चिकटून थरथरतायत... आणि हे उठले. टीव्हीचं खोकं काढलं, आत रद्दी पसरली, वर बल्ब टांगला. पिल्लं बल्बखाली गोळा झाली की "गारठलीत गं," बल्ब खाली! कोपऱ्यात पळाली की "उकडतंय त्यांना," बल्ब वर! पोटच्या लेकीच्या पाळण्याची दोरी कधी हाती धरली नव्हती हो ह्या माणसानं! मी एवढंच म्हटलं, तर... "हळू बोल, पिल्लं दचकतात!"

मग एका संध्याकाळी लाइट गेले. खोकं गार पडलं, नि हिरव्या पिल्लानं मान टाकली. ईश्वरी रडायला लागली. ह्यांनी ते उचललं, गंजिफ्रॉकच्या आत छातीशी धरलं आणि खुर्चीत बसले ते बसलेच! हलेनात, बोलेनात... चहासुद्धा मी बशीनं पाजला, बोला! तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर दारात, "मधुकरराव, बिल्डिंगमध्ये कोंबड्या चालणार नाहीत हां!" ज्यांच्यापुढे ह्यांनी कधी मान वर केली नाही, त्यांना म्हणतात, "हळू बोला साहेब..." आणि गंजिफ्रॉकच्या गळ्यातून इवलंसं डोकं बाहेर, "चिव!" साहेबांनी चपला काढल्या, आत येऊन बसले, नि अगदी हळू आवाजात, "जगेल ना हो?"

जगलं! चारी वाढली, पंख फुटले, सोफ्यावर काय, देव्हाऱ्यावर काय... शेवटी आमची मासळीवाली गोजराबाई, करावे गावात राहते, तिच्या अंगणात नेऊन सोडली. येताना रिक्षात हे रिकामं खोकं मांडीवर धरून बसले. मी आपली उगाच बाहेर बघत बसले... माणसाला डोळे पुसायला सवड नको?

आता दर रविवारी करावे! परवा गोजराबाई म्हणते, "दादा, तुमचा तो हिरवा, त्यो कोंबडा निंगाला, पन आरवत नाय हां, निस्ता तुमच्यावानी खाकरतो!" तर ह्यांची छाती ही एवढी फुगली! म्हणाले, "बापावर गेलाय!"

बापावर! मग मी त्याची कोण झाले?... जाऊ द्या. बसलेय आपली तांदळाच्या कण्या पाखडत. उद्या रविवार, लेकाकडे जायचंय!