वाऱ्यांच्या फोल्डरातला शब्द

मासळी विकून झाल्यावर शेवंतीबाई कट्टा गावच्या स्टँडवर मालवणच्या बसची वाट बघत होत्या. बाकावर शेजारी मासेमारीची पाहणी करणाऱ्या ऑफिसातले प्रितेश आणि समीक्षा बोलत होते.

“समीक्षा, वाऱ्यांच्या फोल्डरात तो शब्द तू घातलंस?”

“मी कशाक घालू? माझ्याकडे माशांचो फोल्डर. देवगडच्या ऑफिसातून कोणी घातल्यान आसात.”

“त्यांका इचारलंय. सगळ्या ऑफिसांनी एकच शब्दकोश वापरूचो म्हणान आपण फोल्डर केले, पण ह्यो शब्द कोणाचोच नाय. काल मी पुसून टाकलंय. सकाळी परत थंयच.”

“त्येका अर्थ खंय होतो?”

“काल नाय होतो. आज आसा. ‘ह्यो वारो सुटलो की दर्यातल्या माणसाक घरच्यांची हाक ऐकाक येता, आणि तो हाकेच्या मागसून जाता.’”

शेवंतीबाईंच्या मांडीवरची टोपली घसरली. सासऱ्यांनी हे त्यांना एकदाच सांगितलं होतं, तेही वाऱ्याचं नाव न घेता.

“माका शब्द नीट आठवणा नाय. काय तो?” समीक्षाने विचारलं.

“तो...”

शेवंतीबाईंनी झटकन प्रितेशचं तोंड दाबलं.

“नाव घेव नको रे बाबा! नाव घेतला की तो येता. माझो घोव दर्यात आसा.”

प्रितेशने त्यांचा हात हळूच बाजूला केला.

“मावशी, सकाळी सायबांनी सगळ्यांसमोर मोठ्यान वाचून दाखवल्यानी.”

शेवंतीबाई बससाठी थांबल्या नाहीत. नवऱ्याच्या नावाने हाक फुटू नये म्हणून पदर दातांत घट्ट धरून त्या मालवणच्या रस्त्याने पळत सुटल्या.