बीजाचे मासे आखाडात गेले

माझं माहेर आन सासर दोनी डोंगरातलंच, लोणावळ्याजवळ औंढ्याच्या वरच्या अंगाला आमच्या वाड्या, मधी एक वढा, तेवढाच काय तो फरक. आई वढ्यात झोळीनं मासं धरायची आन मी तिच्या मागं टोपली घेऊन, त्यामुळं मासा काय मला नवा न्हाई. लगीन झालं तवा नवरा तुंगार्लीला एका बंगल्यावर राखणीला व्हता, अजून तितंच हाय, शनवार-रविवार तितं पाहुणे येत्यात म्हणून त्याला घरी यायला मिळत न्हाई, मग घर मीच हाकलं, भात मीच लावला, पोरी मीच वाढवल्या. तोंडानं मी फटकळ हाय, समदे म्हणत्यात, तुमीबी म्हणाल ताई. पण आज सांगते ते ऐका आन मग सांगा माझं कुटं चुकलं ते.

वाडीच्या खालच्या अंगाला दगडाची जुनी खाण हाय. दगड काढून झाला, मालक गेला, खड्डा राहिला, त्यात पाणी साठलं ते बारा महिने आटत न्हाई. आमच्या बायांच्या गटानं ती ग्रामपंचायतीकडनं मासं पाळायला घेतली. रोहू सोडला. मासं शिकवायला एक सर यायचे, लय गरीब स्वभावाचा माणूस, त्यांनी दाखवलं की साठलेल्या पाण्यात रोहू आपणहून अंडी घालत न्हाई, पावसाळ्यात त्याला औषधाची सुई द्यावी लागती, मग आपलं बीज आपल्याच घरी व्हतं. आमी केलं. पण कसं केलं, मोठा मासा दिसला की लोणावळ्याच्या बाजारात न्यायचा, मोठ्यालाच गिऱ्हाईक, आन मागं राहिले बारके, त्यांना सुई. सालागणिक मासा बारीकच व्हत चालला. मग सर म्हणले, मावशी, भाताचं बियाणं कसं धरता? म्हणलं, चांगली भरलेली लोंबी बघून बाजूला काढतो. मग माशाचं उलटं का करता? तवा टाळक्यात उजेड पडला.

तवापासनं धरलं. एकाच दिशी सोडलेल्या पिल्लांत जे लवकर वाढंल, आजारी पडणार न्हाई, ते विकायचं न्हाई, खायाचं न्हाई, ते बीजाला. आन त्यातबी भावाबहिणीची जोडी लावायची न्हाई. एका देवकात आपण सोयरीक करतो का? तसंच हे. तशी जोडी लावली की पिल्लं वाकडी निघत्यात, जगत न्हाईत. म्हणून पवनेच्या बाजूच्या बायांचा एक गट हाय, त्यांचे नर आमच्याकडं, आमचे नर त्यांच्याकडं. आता वळखायचं कसं कोण कुणाचा, तर पोटाखालचा एक पर कातरायचा, आमच्याला डावा, त्यांच्याला उजवा. थोडा वाढतो तो पुन्हा, मग परत कातरायचा. माझ्या धाकटीचं लगीन झालं त्या सालापासनं हे करतोय, आता तिची पोरगी पाचवीत हाय. एवढ्या सालांनी काय झालं सांगू, बाजारच्या बीजाचा मासा हातभर व्हायच्या आधी आमचा विकून मोकळं व्हायचो. लांबलांबनं लोकं बोटुकली मागाया यायची, बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. ह्याच उन्हाळ्यात पवनेच्या बायांचं तळं आटलं, तवा त्यांनी त्यांचे खुणेचे मासे हंड्यातनं आणून आमच्या खाणीत ठेवले. म्हणल्या, तुमच्याकडं बिनघोर हायेत. बिनघोर.

अवंदा आखाडाचा मान माझ्या दिराचा व्हता, बबनभावजी, नवऱ्याच्या पाठचा. आखाडात देवीला निवद, पाहुणेरावळे, लेकी-जावई. त्याच वक्ताला माझी धाकटी तिकडं देहूरोडला तापानं पडली, मी गेले. भावजीनं खाणीत जाळं टाकलं. टाकलं तर टाकलं, खाण काय एकट्या माझी न्हाई, दोन-चार मासे नेले असते तर मी काय बोलले नसते. पण आता काय झालं ते ऐका. आमच्याकडं बकरा देवीला सोडला की त्याच्या कानाला कातर मारत्यात, मग त्याला कुणी विकत न्हाई, तो आखाडात देवीलाच जातो. भावजीनं जाळ्यात कातरलेल्या पराचे मासे बघितले आन म्हणला, हे वैनीनं देवीला सोडलेत. आन बिनखुणेचे समदे पाण्यात परत सोडले. परत सोडले ताई! ज्यांचं मला काय नव्हतं ते मोजून हातानं जपून पाण्यात सोडले, आन खुणेचे तेवढे वेचून पाटीत घातले, डाव्याचेबी आन उजव्याचेबी. आन आखाडच तो, माद्यांची पोटं अंड्यांनी फुटायला आलेली, सर सुई घेऊन त्याच आठवड्यात येणार व्हते.

मी आले तवा पंगत बसलेली. मला बघून भावजी उठला, स्वताच्या हातानं पाट दिला, म्हणला, वैनी, पयला मान तुमचा, आन तळलेली गाभोळी माझ्या ताटात वाढली, ही मोठी. अंडी व्हती ती. त्यातनं किती तळी भरली असती. मी विचारलं, हे कुटले मासे? म्हणला, तुमचेच, देवीचे. मी म्हणलं, इतक्या सालात मी पर कातरताना तुमी बघितलं न्हाई का? म्हणला, बघितलं की, म्हणून तर कळलं. मी ताट ढकललं. जोरात ढकललं, सांडलं. मग काय, आख्खी पंगत माझ्यावर उलटली. आबा हायेत वाडीचे, देवीचं तेच बघत्यात, ते म्हणले, परसाद लाथाडला, देवीपुढं नाक घास आन नारळ दे. बीज कुणाचं गेलं, कुणी इचारलं न्हाई. मासाच तो, दुसरा सोड, म्हणले. मी नारळ दिला न्हाई. अजून दिला न्हाई. माझं देवीशी काय भांडण न्हाई, तिनं काय मागितले नव्हते ते मासे.

पवनेच्या बाया आल्या, खाणीच्या कडंला बसून रडल्या. मला रडू आलं न्हाई, मला निस्ता राग येतो, भाकरी थापताना येतो, भांगलताना येतो. सर म्हणले, मावशी, जे राहिलेत त्यांच्यातनं पुन्हा निवडायला लागंल, पुन्हा तेवढीच सालं. त्यांना म्हणायला सोपं, माझे गुडघे आत्ताच बोलत्यात. तरी निवडतेय. गटातल्या निम्म्या बाया म्हणत्यात सोड आता, त्यांनाबी दोन शब्द सुनावले.

आन ह्या सोमवारी बबनभावजी आला. सरकारी शेततळं खांदलंय त्यानं, प्लास्टिक अंथरलंय, पाणी भरलंय. बाजारचं बीज वाढत न्हाई वैनी, म्हणला, तुमचं ते पयल्यासारखं द्या की, ते लय झपाट्यानं वाढायचं. हंडा घेऊनच आलेला. तोंडावर ना लाज ना काय, आन खोटंबी न्हाई बरं का, त्याला खरंच कळलेलं न्हाई काय झालं ते, तेच तर मला जास्त लागतं. मी म्हणलं, भावजी, ते तुमी खाल्लं. तो हसला, त्याला वाटलं मी चेष्टा करते. हंडा पालथा घालून तिथंच बसला, च्या मागितला. दिला च्या. घरचा माणूस हाय. देवी त्याचं बरं करू दे, त्याचं तळं भरू दे, माझं काय म्हणणं न्हाई ताई. पण ते माझ्या हातनं व्हणार न्हाई.