आठ ढेपा

सुधीर : बुवा, श्वास ओढून धरल्यानं वजन कमी होत नाही. सोडा तो.

केसरीनाथ : सोडला तर वाढेल.

सुधीर : वाढत नाही हो. हा सुताच्या गोण्यांचा काटा आहे. गोण्या कुठं श्वास धरतात?

केसरीनाथ : थांब, उपरणं काढतो.

सुधीर : उपरणं मगाशीच काढलंत. सदराही काढलात. आता लेंगा आणि तुळशीची माळ, एवढंच उरलंय.

केसरीनाथ : माळ नाही काढणार. तिचं वजन धरू नकोस, ती पांडुरंगाची.

सुधीर : नाही धरली. तरी एकशे चार.

केसरीनाथ : काय एकशे चार?

सुधीर : किलो. या गोदामात दुसरं काय मोजतो आम्ही?

केसरीनाथ : मग काटा बिघडलाय.

सुधीर : सकाळी पन्नासची गोणी बरोबर पन्नास भरली.

केसरीनाथ : सूत निर्जीव असतं, सुधीर. माणसाच्या आत आत्मा असतो, हे तुझ्या शेटच्या काट्याला कसं कळणार?

सुधीर : आत्मा चोवीस किलोचा?

केसरीनाथ : अरे, मग तूच सांग! गेल्या वर्षी वज्रेश्वरीला तराजूत बसलो. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ. तू शेजारी पेटी घेऊन बसला होतास. किती ढेपा चढल्या?

सुधीर : आठ.

केसरीनाथ : दहा किलोची ढेप. आठ ढेपा म्हणजे ऐंशी. त्याच्या आदल्या वर्षी?

सुधीर : आठ.

केसरीनाथ : शहाऐंशी साली ऑपरेशन झालं, आक्का देवीला दर साली गूळतुलेचा नवस बोलली. अकरा वर्षं झाली. वजन उतरेपर्यंतची पहिली दोन वर्षं सोड, तेव्हापासून दर साली आठ. गाव टाळ्या वाजवतं. आणि आज, उद्याच्या तुलेच्या आदल्या दिवशी, तू मला सांगतोस एकशे चार! देवीच्या तराजूवर विश्वास ठेवू, की तुझ्या?

सुधीर : विश्वास होता, तर मग आज गुपचूप इथं कशाला आलात?

केसरीनाथ : ... लेंग्याची नाडी.

सुधीर : काय झालं नाडीला?

केसरीनाथ : गाठ मारायला टोक पुरत नाही. धुऊन आखडली असेल म्हटलं.

सुधीर : नाडी?

केसरीनाथ : हसू नकोस.

सुधीर : हसत नाही. बुवा, सदरा घाला बघू. चार वाजत आले.

केसरीनाथ : तुला कसली घाई? आज शुक्रवार. भिवंडीतले सगळे माग बंद, काल्हेरच्या या रांगेत एक ट्रक नाही. निवांत बस. पाणी दे.

सुधीर : घरी जाऊन प्या.

केसरीनाथ : एका वर्षात चोवीस किलो, सुधीर! खातो कुठं मी एवढं? डॉक्टरांनी पोटाला आतून टाके घालून त्याची लिंबाएवढी पिशवी केली. एक वाटी जेवणाची सांगितली. ही बघ, अकरा वर्षं ती वाटी झोळीत घेऊन हिंडतोय. कुठल्याही गावच्या पंगतीत ताट घेत नाही, वाटी मांडतो. बायका पोरांना दाखवतात, बघा, बुवा कसे राहतात.

सुधीर : बायका पोरांना वाटी दाखवतात. किती वेळा भरली ते मी बघतो. पडघ्याच्या पंगतीत बासुंदी सात वेळा.

केसरीनाथ : बासुंदी पातळ असते. ती पिशवीत थांबत नाही, उतरून जाते.

सुधीर : उतरून जाते कुठं? हे काय, इथं काट्यावर बसलीय.

केसरीनाथ : आणि तो प्रसाद होता! नारदाच्या गादीवर उभं राहून नामाचा महिमा सांगायचा आणि खाली उतरून प्रसादाला नाही म्हणायचं?

सुधीर : महिमा नामाचा नव्हता सांगितलात. आख्यान रसना जिंकण्याचं होतं. तीन तास. जीभ हीच मोठी वैरीण म्हणून तुम्ही रडलात, सभामंडप रडला. मग खाली उतरून वैरिणीला सात वाट्या पाजल्यात.

केसरीनाथ : लई बोलायला लागलास. पेटीवाल्यानं सूर द्यावा, टोमणा देऊ नये.

सुधीर : सूरच देतो ना! त्या दिवशी गजराला तुमचा दम तुटला, खांब धरलात, तेव्हा पेटी कुणी लांबवली? लोकांना वाटलं मीच रंगात आलोय. दोन आवर्तनं वाजवली, तुम्हाला श्वास घेता यावा म्हणून.

केसरीनाथ : कळलं होतं मला.

सुधीर : आणि उशा किती घेता हल्ली?

केसरीनाथ : तीन. म्हणजे, बसूनच झोपतो म्हण. ऑपरेशनच्या आधी झोपायचो तसा.

सुधीर : डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतंय? हे पुन्हा वाढलं तर दुसऱ्यांदा पोट कापायला जमणार नाही. साखर आहे, काळीज थकलंय.

केसरीनाथ : आठवतंय रे. आणखी एक म्हणाले होते. हे पोट तुला दोन वर्षं सांभाळेल, पुढं तू त्याला सांभाळायचंस. मला वाटलं, आठ ढेपा येतायत तोवर सांभाळतोयच की आपण. दर साली तराजूतून उतरलो की जीव हलका व्हायचा. आठ आल्या, म्हणजे थोडं चालतंय. मग बासुंदी.

सुधीर : बुवा, उठा. खरंच उठा.

केसरीनाथ : कोण आलं? रिक्षा वाजली.

सुधीर : रामकृष्ण हरी! त्या गोण्यांच्या मागं व्हा.

केसरीनाथ : का?

सुधीर : व्हा म्हणतो ना! पोट आत घ्या. नाही जात? मग आडवे उभे राहा.

आक्का : सुधीरभाऊ! हायस का न्हाय? ये रिक्षावाले भैया, दो ढेप उतारो, बाकी वैसाच रहने दो. संभालके, देवी का माल है.

सुधीर : या, आक्का. आज... आज जरा काटा बंद आहे.

आक्का : बंद हाय? ह्यो तर हलतोय. कोन चढलं व्हतं?

सुधीर : गोणी.

आक्का : गोनी सदरा ठेवून गेली का?

सुधीर : तो माझा.

आक्का : तुझा? ह्यात तुझ्यासारखे दोन मावतील. र्‍हाऊ दे. ही ढेप ठेव आन बघ. त्या पडघ्याच्या गूळवाल्याचा भरवसा न्हाय. गेल्या साली एक ढेप साडेअकराच भरली, ऐन टायमाला मना पारड्यात गुळाचं खडं टाकावं लागलं. तेरा पायजे. बारा भरली तर परत धाडते.

सुधीर : आक्का, हळू बोला.

आक्का : का हळू? आज शुक्रवार, कोन हाय ऐकायला? बघ, किती?

सुधीर : तेरा.

आक्का : बराबर तेरा! आठ तेरं एकशे चार. त्याची नाडी मोजून काढलंय मी. दुपारचा घोरत पडतो ना, तवा दोरा घेऊन मोजते. औंदा चार बोटं कमी.

केसरीनाथ : आक्का!

आक्का : आगं बया! गोनी बोलली.

केसरीनाथ : ढेप तेराची?

आक्का : केसऱ्या, तू उघडा का हायस?

केसरीनाथ : गेल्या वर्षीची किती होती?

आक्का : थोरल्या बहिनीसमोर असा? कपडे घाल आधी.

केसरीनाथ : सुधीर, गेल्या वर्षीची ढेप किती किलोची होती?

सुधीर : बारा.

केसरीनाथ : आणि त्याच्या आदल्या?

सुधीर : अकरा. मला विचारू नका, बुवा. आक्कांनी पेटीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. तुम्हीही आज तशीच घ्यायला लावलीत, आक्काला सांगू नको म्हणून. एकाच पेटीवर दोघांच्या दोन शपथा, ती बिचारी बेसूर व्हायची बाकी आहे.

केसरीनाथ : देवीच्या दारात लबाडी, आक्का? नवसात?

आक्का : देवीशी कसली लबाडी? तिला तुझ्या वजनाचा गूळ पायजे व्हता, तो तिला पुरता मिळाला. एक खडा कमी न्हाय दिला. ढेपा मोजतं ते गाव. गावाला कुठं नवस बोलले व्हते मी?

सुधीर : हे मात्र शास्त्राला धरून आहे, बुवा.

केसरीनाथ : तू गप्प बस. आक्का, कशापायी केलंस हे?

आक्का : कशापायी? इसारलास? एकशे अडतीस किलोचा व्हतास तवा पोरं तुझ्या पाठी लागायची. पडघ्याला तुझ्या पायाखालचा पाट मोडला, तू खाली आन लोक हसतायत. कुनाला वाटलं कीर्तनातली गंमत हाय. तू उठला न्हायस तवा गप झाले. कोनी पोरगी दिली न्हाय तुला. मंग ऑपरेशन झालं, पहिल्यांदा आठ ढेपा आल्या, त्या दिवशी तू तराजूतून उडी मारून उतरलास. उडी! लहानपनापासून कधी उडी मारलेली बघितली न्हवती तुझी. मंग दोन सालामागं नाडी मोजली आन कळलं, नववी चढनार. ते लोक परत हसनार. म्हटलं, ढेपच मोठी करावी.

केसरीनाथ : आणि मला सांगावंसं नाही वाटलं?

आक्का : सांगितलं असतं तर तू तराजूत बसला असतास?

केसरीनाथ : नसतो बसलो. बासुंदीपुढंही नसतो बसलो कदाचित. आक्का, दर साली आठ बघून मी निर्धास्त व्हायचो गं.



सुधीर : मीही पेटी लांबवत राहिलो, बुवा. आम्ही दोघांनी तुम्हाला झाकलं.

केसरीनाथ : झाकलंत खरं. पण वाटी मीच भरत होतो, तुम्ही नाही. एक आई वज्रेश्वरी सोडली तर प्रत्येकानं मला ऐंशीचा समजून चालवलं. तिनं मात्र दोन वर्षं शहाणपणानं जादा गूळ घेतला आणि गप्प राहिली.

आक्का : तिला चालतंय. तिला कुठं साखरेचा आजार हाय?

सुधीर : मग उद्याचं काय? तिथी बदलत नाही. ढेपा रिक्षात आहेत.

आक्का : उद्या ह्याच चढतील. आठ. कोनाला कळायचं न्हाय.

केसरीनाथ : चढतील. आठच चढतील. आणि खाली उतरलो की मी गादीवर उभा राहून सांगणार, मायबापहो, ढेप तेराची आहे.

आक्का : येडा झालास? हसतील!

केसरीनाथ : हसू दे. कीर्तनकाराला लोक हसले तर बिदागी वाढते.

आक्का : केसऱ्या, मस्करी नको.

केसरीनाथ : मस्करी नाही. आठ म्हटल्यावर मला परत भूक लागते, आक्का. एकदा एकशे चार मोठ्यानं म्हणून बघतो. पुढच्या साली ढेप दहाचीच करायची. किती चढायच्या तितक्या चढू दे. आणि नाडी मोजायची नाही.

आक्का : मोजनार मी.

केसरीनाथ : मग जागा असताना मोज. मला ऐकू येईल अशी.

सुधीर : पेटीही लांबवायची नाही, असं धरू?

केसरीनाथ : दम तुटला तर तुटू दे. बसून घेईन. लोकांना सांग, बुवा श्वास घेतायत.

आक्का : चला मंग, ढेपा रिक्षात घाला. उगा शेट यायचा.

केसरीनाथ : थांब. माझं झालं, ढेपेचं झालं. तू चढ.

आक्का : मी? मना कोन तोलतंय? मी काय कीर्तन करते?

केसरीनाथ : अकरा वर्षं माझं मोजतेस. एकदा तुझं बघू. चढ, ओचा सावर. सुधीर, बघ.

(काट्याचा दांडा जरा वेळ डुलतो आणि थांबतो.)

सुधीर : छत्तीस.

केसरीनाथ : नीट बघ.

सुधीर : छत्तीस, बुवा. वर थोडं.

केसरीनाथ : काटा बिघडलाय.

सुधीर : आत्ताच ढेप बरोबर तेरा भरली.

आक्का : उतरू का? म्हातारपनी मानूस सुकतंच. त्यात काय एवढं?

केसरीनाथ : आक्का, तू जेवतेस किती?

आक्का : तुझ्याइतकं.

केसरीनाथ : म्हणजे?

आक्का : वाटीभर. डॉक्टरनं तुला वाटी दिली, तवा भांडीवाल्याकडून तशीच दुसरी आनली मी. तू वाटी घेऊन बसनार, आन मी तुझ्यासमोर ताट घेऊन बसू? ते काय बरं दिसतं? पहिलं साल भूक लागायची. मंग सवय झाली.

केसरीनाथ : दोन्ही वेळा?

आक्का : दोन्ही वेळा. तूही तेवढ्यावरच र्‍हातोस ना? घरात तरी.

केसरीनाथ : घरात तरी.

सुधीर : बुवा, सदरा.

केसरीनाथ : दे. ... माझं एवढं कमी झालं, तर मी गावोगाव मिरवलो. आणि हिचं...

आक्का : आता रडू नको. गादीवर रडतोस तेवढं पुरे हाय. रिक्षावाला खोळंबलाय. घरी जाऊन भात टाकते.

केसरीनाथ : टाक. आज ताट घे तू. वरण, भात, तूप, सगळं वाढून घे. मी समोर बसतो. ही माझी वाटी, एकदाच भर.

आक्का : आन माझी वाटी?

केसरीनाथ : ती पालथी घालून ठेव.