आकाशपाळण्याची रांग

फिलिपिन्समधल्या लगुना प्रांतात, तळ्याजवळच्या एका मनोरंजन उद्यानात, आकाशपाळण्याच्या रांगेत क्रिसांता उभी होती. तिच्या पुढे नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि तिची आई होती. संथ फिरणारा पाळणा बघता बघता तिचे कान त्यांच्याकडे लागले.

“आई, पाणी घरचं, भात-अंडी घरची. रेनकोट फाटकाबाहेर घेतले, आत तिप्पट भाव.”

“कुठून शिकलीस गं हे?”

“आजीकडून. बुधवारी तिकीट स्वस्त, म्हणून तर आज आलो.”

“तूच आजीबाई झालीस की!”

“बाराशे पेसो वाचले, आई.”

“मग काय घेऊ त्याचं तुला?”

“तेवढ्या पैशांत तू किती दिवस जास्त राहशील?”

“कुठे?”

“इथे. कुवेतला कामावर न जाता.”

पाळण्याचे रंगीत डबे खाली उतरलेल्या ढगात एकेक करून शिरत होते आणि ओले होऊन बाहेर येत होते.

“विमान रविवारचंच आहे, राणी. ते नाही थांबत.”

“बरं. वरून तळं दिसतं?”

“सगळं दिसतं.”

रांग सरकली. मुलगी मात्र जागची हलली नाही. ती मागे वळली.

“ताई, तुम्ही व्हा पुढे. आम्हाला काही घाई नाही.”

“मलाही नाही गं,” क्रिसांता म्हणाली.